कल्हईची किंमत

सोलापूर,
२२ जानेवारी २०२५

चि. नाजनीन,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. इकडं सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे मी आणि पिंकीचे बाबा. ते अजून अक्कलकोटच्या गाडीवरच आहेत. गुडघे कुरकुरतात, पण एसटीपेक्षा कमीच, असं तेच म्हणतात.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. तुझ्या आईनं पत्ता देताना हेच विचारलं. "भाभी, फोन लगाव ना, कायकू लिखते बैठे?" जमीलाला मी काही बोलले नाही, तुला सांगते. फोनवर तुझा आवाज आला की मागून पिंकीचा येईल असं वाटतं. तुम्ही दोघी कायम एकाच फोनला तोंड लावून बोलायच्या आणि मला कुणाचं कुठलं ते कळायचं नाही. तिला जाऊन दीड वर्ष होत आलं, तरी माझा कान वाट बघतो. म्हणून पत्र.

आता कामाचं. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी जरा कमी झाल्यावर नव्या पेठेत मिक्सर दुरुस्तीला टाकायला गेले होते. शेजारी कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्याच्या काचेवर एक चित्र लावलेलं. लाल कौलांचं घर, पवनचक्की, मागं डोंगर. मी तिथंच उभी राहिले. अगं, तुम्ही ज्याला 'वस्ती' म्हणायचात, तोच पिंकीचा शेतीचा गेम! आत जाऊन विचारलं. दुकानदार म्हणाला, "मावशी, जुनाच गेम हाय, नवा करून काढलाय. समदं तेच, फक्त चित्र लई स्वच्छ." किंमत सांगितली तेव्हा मी म्हटलं, जुनाच आहे तर नव्याचे पैसे कशाचे? तर हसून म्हणाला, "कंपनीला इचारा की."

कंपनीला कुठं विचारू, तुला विचारते. तू पुण्यात गेममधल्या चुका शोधायचा पगार घेतेस. पिंकी म्हणायची, नाजूला हे काम फुकटातही जमलं असतं. तर सांग, पुरे पैसे मोजून घेण्यासारखा आहे का तो?

मला का हवाय तेही सांगते. तिनं त्या गेममध्ये माझ्या माहेरची जेऊरची वस्ती उभी केली होती, तू बघितली आहेसच. चिंच, कडब्याची गंज, विहीर, मोत्या कुत्रासुद्धा. दारात एक बुजगावणं होतं, त्याला जांभळं लुगडं नेसवून "वैजयंतीबाई" म्हणून हाक मारायची कार्टी. मी शेजारी लसूण सोलत बसायची आणि चुका काढायची. ज्वारीला एवढं पाणी कशाला, हे असं नसतं, ते तसं नसतं. ती म्हणायची, "आई, माझं रान हाय, तू गप बस की."

दवाखान्यात ताप जरा उतरला होता त्या दुपारी ती मला म्हणाली, "घरी गेलो की दाखवते, वस्तीत तुझ्यासाठी काय केलंय ते." काय केलंय विचारलं तर नुसती हसली. नंतर घरी आलो ते तिला घेऊन नाही.

गेमचं मशीन आम्ही तेराव्याला देऊन टाकलं, पण सीडी मी देऊ दिली नाही. ती तिच्या खोलीतल्या कपाटात पोथीशेजारी आहे. तिचं रान आहे त्यात. आता तेच रान स्वच्छ चित्रात दिसणार असेल तर तिनं माझ्यासाठी काय केलं होतं ते मला एकदा बघायचंय. दुसरं काही नको. तिचा कॉलेजचा लॅपटॉप आहे, दुकानदार म्हणतो त्याच्यावर चालेल. जुनी सीडी घालावी लागते की आपोआप दिसतं, तेवढं कळव.

वेळेवर जेवत जा. मागच्या वेळी फारच वाळलेली दिसलीस.

तुझी,
वैजयंतीकाकू


पुणे,
२ फेब्रुवारी २०२५

काकू, आदाब आणि नमस्कार, दोन्ही.

तुमचं पत्र ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून वाचलं. आत जाऊन वाचायची हिंमत झाली नाही. मीही फोन करणार नाही. तुम्ही सांगाल तोवर पत्रच लिहीन. अक्षराची मात्र माफी असावी, शाळा सुटल्यापासून मराठीत दोन ओळींच्या वर लिहिलेलं नाही.

तुम्ही विचारलंत ते आमच्या धंद्यातलं रोजचं भांडण आहे. जुना गेम काढायचा, चित्रं उजळायची, आवाज साफ करायचा, कुठं दोन झाडं जास्त लावायची आणि नव्याच्या भावात विकायचा. माझ्याकडं असे गेम तपासायला येतात. काही ठिकाणी खरंच मेहनत केलेली असते, सगळं पुन्हा हातानं रेखाटलेलं असतं. पण पुष्कळदा जुन्या चादरीला नवी किनार लावलेली असते, बस्स.

पिंकीचं आणि माझं यावरून किती वाजायचं ते तुम्हाला आठवत असेल. ती म्हणायची, ही नुसती कल्हई आहे. विजापूर वेशीत कल्हईवाला बसायचा ना, त्याच्याकडं आपण आपलंच पातेलं न्यायचो. तो चकचकीत करून द्यायचा आणि कल्हईचे पैसे घ्यायचा. पातेल्याचे पैसे पुन्हा मागितले असते तर तुम्ही त्याला वेशीबाहेर घालवला असता! मी म्हणायची, पिंके, जिच्याकडं पातेलंच नाही तिनं काय करायचं? तिला तर ते नवंच की. मग ती उशी फेकून मारायची. निकाल कधीच लागला नाही.

आता मी तिच्या बाजूची झाले आहे. काकू, घेऊ नका. एवढ्या पैशांचा नाही तो. हा गेम आमच्याकडं तपासायला नव्हता, पण मी पाहिला आहे. चित्र सुरेख आहे, पाणी तर खरंच वाहतं असं वाटतं. पण तुम्हाला त्यात काय गोडी? थोडे महिने थांबा, दिवाळीत किंमत निम्म्यावर येते. तेव्हा बघू.

सीडी जपून ठेवा. तिला पुसायला ओला फडका लावू नका.

अम्मी म्हणते तुम्ही हल्ली आमच्याकडं येत नाही. येत जा. आमच्या ताबीशभाईच्या दुकानावरून तर रोज जाता.

तुमची,
नाजू


सोलापूर,
१० फेब्रुवारी २०२५

चि. नाजनीन,

तुझं पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे, पिंकीपेक्षा तरी खूपच चांगलं.

एवढं सगळं लिहिलंस आणि मी जे विचारलं होतं तेवढंच राहिलं. तिचं रान दिसेल का, हे कुठं लिहिलंच नाहीस. दोनदा वाचलं. मग लक्षात आलं, दिसत नसतं तर तू पहिल्याच ओळीत लिहिलं असतंस. तू फक्त माझे पैसे वाचवायला बघतेस. तुझी अम्मीही तशीच, बाजारात माझ्यासाठी घासाघीस करायची आणि स्वतः मात्र सांगतील ते देऊन यायची.

तर ऐक. मला स्वस्तात नकोय. आमच्या वस्तीवर पाणीसुद्धा फुकट मिळालं नाही मला. विहीर पार बांधापलीकडं. शाळेला जायच्या आधी डोक्यावर एक, कमरेवर एक, अशा खेपा घालायच्या. माझा उजवा खांदा खाली आहे तो त्यानंच. पिंकी त्या खांद्यावर हनुवटी टेकवून मला ऐकवायची, "आई, तुझा एक बाजूचा टायर बसलाय." ड्रायव्हरची लेक ना शेवटी.

ह्यांना विचारलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "घे जा, मला काय कळतंय त्यातलं." तिच्या खोलीकडं ते बघतसुद्धा नाहीत. मी दिवा लावायला जाते तेव्हा मोरीत जाऊन नळ सोडतात. पहिल्यापासून तसंच. ती खेळायची तेव्हा हे मागं ताट घेऊन बसायचे, पण लक्ष सगळं भाकरीत.

दिवाळीपर्यंत थांबायचं म्हणतेस. दिवाळीला तिच्याशिवायची किंमत कमी होते का, ते मला गेल्या वर्षी कळलं आहे. येत्या आठवड्यात घेईन.

तुझी,
काकू


पुणे,
२४ फेब्रुवारी २०२५

काकू,

तुमचं पत्र उशिरा हातात पडलं, मी कामासाठी हैदराबादला होते. अजून घेतला नसेल तर कृपा करून घेऊ नका. पैशांचा प्रश्न नाही. मी ईदला येते. तुमच्या स्वयंपाकघरात समोर बसून सांगते. काही गोष्टी मला लिहून सांगता येत नाहीत.

नाजू


सोलापूर,
३ मार्च २०२५

नाजनीन,

तुझी चार ओळींची चिठ्ठी मिळाली. घेतला होता आधीच.

दुकानदाराचा माणूस घरी येऊन लॅपटॉपवर घालून देऊन गेला. मी आंघोळ करून, तिच्या फोटोला फूल वाहून बसले होते. सीडी मांडीवर. त्यानं सुरू केलं. चित्र खरंच स्वच्छ, ओढ्याचा आवाज असा की वाटलं पाय भिजतील. मग त्यावर नाव विचारलं. तो म्हणाला, काय नाव घालू? मी म्हटलं पिंकी घाल, तिचंच आहे. त्यानं घातलं. आणि एक म्हातारा पुढं येऊन म्हणाला म्हणे, "गावात नवी आलेली दिसतेस, पिंकी. तुझं स्वागत आहे."

मागं नुसतं पडीक रान. दगडं, तण. घर नाही, चिंच नाही, काही नाही.

मी त्याला म्हटलं, पुढं कुठंतरी असेल, जा पुढं. तो पोरगा बिचारा सगळीकडं फिरला. मग मी सीडी पुढं केली. त्यानं ती हातात घेतली, माझ्याकडं बघितलं आणि हळूच सांगितलं, "काकू, सीडीत फक्त गेम असतो. खेळणाऱ्यानं काय केलं ते मशीनमधी ऱ्हातं."

हे तुला ठाऊक होतं. पहिलं पत्र वाचलंस तेव्हाच ठाऊक होतं. कल्हई, पातेलं, चादर, दिवाळीची सूट, एवढं सगळं लिहिलंस आणि ही एक ओळ लिहिली नाहीस. मला त्या पोराकडून कळावं असं वाटलं का तुला?

मशीन कसं गेलं ते तू त्या दिवशी नव्हतीस म्हणून सांगते. बजाबाईआत्या, माझ्या वडिलांची बहीण, जेऊरहून आली होती. आमच्यात रीत आहे, गेलेल्याचा जीव ज्या वस्तूत असतो ती घरात ठेवायची नाही, त्याच्याच वयाच्या माणसाला द्यायची. म्हणजे जीव अडकत नाही. आत्या म्हणाली, "काय लई आवडायचं गं पोरीला?" मी मशीनकडं बोट दाखवलं. आत्याची नात पिंकीएवढीच. मी माझ्या दोन हातांनी उचलून, हळदकुंकू लावून तिच्या ओटीत घातलं. माझ्या पोरीचं रान मी स्वतः देऊन टाकलं आणि रिकाम्या सीडीपुढं दीड वर्ष दिवा लावत बसले. हसायचं असेल तर हस.

दिलेलं दान परत मागत नाहीत. तेव्हा मी जेऊरला फोन करणार नाही आणि तूही करायचा नाही.

लॅपटॉप झाकून ठेवला आहे. तुला आता उत्तर लिहायचं कारण नाही.

वैजयंती


पुणे,
२० एप्रिल २०२५

काकू,

तुम्ही लिहू नको म्हणालात, तरी लिहिते. चूक माझी आहे. पहिलं पत्र वाचलं तेव्हा ती ओळ लिहिली होती. मग तो कागद फाडून दुसरा घेतला. तुमच्या हातात ती ओळ पडेल तेव्हा तुमच्याजवळ कुणी नसेल, एवढंच डोक्यात आलं. शेवटी तसंच झालं, आणि माझ्यामुळं जास्त वाईट झालं.

ईदला सोलापूरला आले नाही म्हणून अम्मी अजून धुसफुसते आहे. मी कुठं होते ते तिला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते. मी जेऊरला उतरले होते. फोन करायचा नाही असं तुमचं म्हणणं होतं, तो केला नाही. सरळ गेले. बजाबाईआत्यांनी आधी विचारलं, "कुणाची गं तू?" पिंकीची मैत्रीण म्हटल्यावर मला पोटाशी धरलं आणि भाकरी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. त्यांची नात लाजरी आहे पण गोड आहे. मशीन तिनं टॉवेलखाली झाकून अगदी नीट ठेवलंय. ते मी परत मागितलं नाही. दान तिच्याकडंच आहे. हवं होतं तेवढं फक्त उतरवून घेतलं. तुमच्या भावाच्या वस्तीवरही जाऊन आले. चिंचेखाली बराच वेळ बसले. रेल्वेची गाडी जाते तेव्हा तिथून दिसते, हे पिंकीनं मला कधी सांगितलं नव्हतं.

जुन्या गेममधलं नव्यात आणायला जरा काम करावं लागलं, म्हणून इतके दिवस गेले. आता झालंय. ताबीशभाईच्या हाती एक पेनड्राइव्ह आणि हातात धरून खेळायचं एक छोटं यंत्र पाठवते. तो लॅपटॉपवर सगळं चालू करून देईल. त्याला चहा द्या, साखर कमी, डॉक्टरनं सांगितलंय आणि तो तुमच्याकडं येऊन खोटं बोलणार.

काकू, सगळं आहे. लाल कौलं, कडब्याची गंज, मोत्या. विहीर बांधापलीकडं, अगदी तुमच्या जेऊरला आहे तिथंच. दारात वैजयंतीबाई जांभळ्या लुगड्यात उभ्या आहेत. आणि तिनं तुमच्यासाठी जे केलं होतं ते चिंचेखाली आहे. मी सांगत नाही, तुम्हीच बघा.

पुऱ्या पैशांचा नाही असं मी म्हटलं होतं. ते मागं घेते.

तुमची,
नाजू


सोलापूर,
४ मे २०२५

चि. नाजनीन,

ताबीश येऊन गेला. दोन चमचे साखर मागत होता, दिली नाही.

त्यानं चालू केलं आणि पडद्यावर वस्ती उभी राहिली. मी ओरडलेच. जमीला सोबत आली होती, तिनं माझा हात धरला. घर, गंज, शेपटी हलवणारा मोत्या. वैजयंतीबाई वाऱ्यावर हलत होत्या. ताबीश हळूहळू चिंचेखाली घेऊन गेला. तिथं दगडी कट्टा होता, त्यावर एक तांब्या, आणि समोर लांबवर रूळ. मी पदर तोंडाला लावला. म्हटलं, पोरीनं मला बसायला कट्टा केला होता. तुला लांबून खूप आशीर्वाद दिले, खोटं सांगत नाही.

तेवढ्यात हे ड्युटीवरून आले. त्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन उभे राहिले. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. नजर पडद्यावर होती. मग म्हणाले, "विहीर तितं कशी?"

मी म्हटलं, कुठं असणार? बांधापलीकडंच आहे की आमची.

"तुमची आसंल. पिंकीची न्हाय. पिंकीची स्वैपाकघराच्या दाराला लागून हुती."

मी म्हटलं, तुमचं कधी लक्ष होतं? तर म्हणाले, "रोज बघायचो की. जेवताना दुसरं काय करायचो मी?"

आणि मला आठवलं, नाजू. खरंच दाराशी होती. मीच तिला सारखी बोलायची, अगं, विहीर अशी उंबऱ्याशी खोदतं का कुणी, शहरातली ती शहरातली, पाय घसरून पडशील एखाद्या दिवशी. एवढं बोलायची आणि मीच विसरले! तिच्या बाबांना आठवलं. ते पिशवी तशीच धरून सांगत होते. एकदा त्यांनीही तिला म्हटलं होतं, आईचं रान करतेस तर विहीर लांब पाहिजे. तर ती म्हणाली होती, "बाबा, आईनं लई पाणी वाहिलंय. हितं तरी दारात आसू दे."

मला तिनं हे एकदाही सांगितलं नाही. मी ओरडायची आणि ती हसायची.

हे तिथंच खाली बसले आणि रडले. दवाखान्यात नाही, तेराव्याला नाही, आता रडले. ताबीशनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मी आणि जमीला आमच्या आमच्या पदरात. मोत्या मात्र पडद्यावर शेपटी हलवत होता.

दुसऱ्या दिवशी मी बजाबाईआत्याला फोन केला. मशीन मागायला नाही, नुसतं विचारायला. तिनं साधेपणानं सांगितलं. नातीनं पहिल्याच दिवशी सगळं पुसून नवं सुरू केलं होतं. का, तर गेलेल्या पोरीच्या घरात आपण कसं शिरायचं, तिच्या विहिरीचं पाणी आपण कसं काढायचं. तिनं हात जोडून पुसलं म्हणे. आत्या म्हणाली, "ती पुण्याची पोर हितं यिऊन लई रडली, मग वस्तीवर जाऊन कागदावर चित्रं काढत बसली." त्या नातीला दोष देऊ नकोस. मीही देत नाही. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं.

तर हे सगळं तू बनवलंस. एकेक कौल, एकेक पेंडी. नोकरी करून, ईद सोडून. आणि चुका शोधणारी तू, एकही चूक राहू दिली नाहीस. तुला कुठं ठाऊक असणार होतं? मीच तुला लिहिलं होतं विहीर बांधापलीकडं म्हणून.

आणि कट्टा. कट्टा बघूनच मला कळायला हवं होतं. पिंकी माझ्यासाठी कट्टा करणारी नव्हती. तिनं काहीतरी चेष्टेचं करून ठेवलं असणार, करपलेली भाकरी नाहीतर तिरका बसलेला टायर. आई दमली असेल, तिला बसायला जागा असावी, हे तुझं आहे. ते बघून मला वाईट वाटलं नाही. तिनं काय केलं होतं ते मात्र आता कुणालाच कळणार नाही. तुलाही नाही, मलाही नाही. रोज सकाळी उठल्यावर मी हे स्वतःला नव्यानं सांगते. सवय होईल म्हणतात. बघू.

मला राग आलेला नाही. पहिल्यांदा आला होता, तू खरं सांगितलं नाहीस म्हणून. ह्या वेळी खोटं सांगितलंस आणि आला नाही, ह्याला काय म्हणायचं ते तूच सांग.

तुमच्या दोघींच्या भांडणाचा निकाल मागशील तर मला देता येणार नाही. पातेलं तिचं नव्हतंच, सगळी कल्हई तुझी. पिंकी म्हणाली असती, आई, लुटलं तुला. पण ते बघून तिचे बाबा बोलले. ही पावणेदोन वर्षं आम्ही एका घरात होतो आणि तिचं नावसुद्धा काढत नव्हतो. आता रोज जेवताना एक काहीतरी निघतं. काल म्हणाले, तिला ज्वारीपेक्षा सूर्यफूल लावायला आवडायचं, पिवळं दिसतं म्हणून. मी दिलेल्या पैशांबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता एक काम आहे. ते यंत्र माझ्या हातात नीट बसत नाही. एक बटण दाबायला जाते आणि वैजयंतीबाई उडी मारतात. ह्यांनी घेतलं तर गाडी वळवल्यासारखं सगळं अंगच वळवतात. ताबीश करून देतो म्हणाला, पण मी त्याला हात लावू दिला नाही.

तू ये. कट्टा राहू दे, तो तुझा आहे. विहीर तेवढी उचल आणि स्वयंपाकघराच्या दाराशी खोदून दे, अगदी उंबऱ्याला लागून, पाय घसरेल इतकी जवळ. मी शेजारी बसून तुला चूक आहे म्हणेन. तू ऐकू नकोस.

निघताना फोन कर. पत्र नको, फोनच कर. तुझ्या एकटीचा आवाज ऐकायची सवय मला आता करायला हवी.

तुझी,
काकू